काचेवरचे नाव

हेरकथेचा बोलपट म्हटला की बंदुकांचे बार, मोटारींचा पाठलाग आणि निदान तीन-चार राजधान्यांची सफर हवीच, असा आपला ग्रह झालेला असतो. परंतु आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९३८ साली ‘द लेडी व्हॅनिशेस’ हा जो बोलपट काढला, त्यातली आगगाडी लंडनच्या इझ्लिंग्टन भागातील एका तोकड्या स्टुडिओत, अवघ्या ९० फूट लांबीच्या नेपथ्यात धावली. डबा काय तो एक. बाकी मागे पळणारे डोंगर आणि झाडे हा सारा पडद्यावरील चित्रांचा व चिमुकल्या प्रतिकृतींचा बनाव. आरंभीचे बर्फाळ खेडे तर पोरांनी दिवाळीत मांडलेल्या किल्ल्याइतकेच खरे वाटते, आणि गंमत अशी की त्याने काही बिघडत नाही.

नायिका आयरिसची भूमिका करणारी मार्गारेट लॉकवुड ही १९१६ साली कराचीस, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, रेल्वेच्या एका अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेली. बांद्रिका नावाच्या कल्पित देशातून स्वदेशी परतणाऱ्या या आयरिसच्या डोक्यावर फलाटावर फुलझाडांची कुंडी आदळते. मिस फ्रॉय नावाची एक प्रेमळ वृद्धा तिला सांभाळते, चहा पाजते. आणि आयरिसचा डोळा लागून ती जागी होते तो म्हातारी नाहीशी! अशी कोणी बाई डब्यात नव्हतीच, असे सहप्रवासी निक्षून सांगतात; मेंदूचे एक नामांकित डॉक्टर हा डोक्याच्या माराचा भ्रम ठरवून मोकळे होतात. ती नाहीशी होण्याचे खरे कारण असे की म्हातारीजवळ एका तहाचे गुप्त कलम आहे, तेही कागदावर नव्हे, तर एका सुरावटीत साठवलेले.

पण मला विशेष वाटते ते खोटे बोलणाऱ्या सभ्य इंग्रजांचे. गाडीतल्या एका वकीलसाहेबांना सोबतच्या परस्त्रीचा बोभाटा नको. दोघा क्रिकेटवेड्यांना गाडीचा खोळंबा नको, कारण त्यांना मँचेस्टरचा कसोटी सामना गाठायचा आहे. (तो सामना अखेर पुरामुळे रद्द होतो, आणि १९३८च्या जुलैत मँचेस्टरचा खरा सामनाही पावसाने एकही चेंडू न पडता वाहून गेला!) पुढे तेच वकील पांढरा रुमाल फडकावीत शत्रूशी समेट करण्यास उतरतात आणि गोळीस बळी पडतात. जर्मनीशी समेट करणाऱ्या म्युनिकच्या करारावरील शाई वाळते न वाळते तोच इंग्लंडातील प्रेक्षकांसमोर हा प्रसंग आला.

आता शीर्षकातल्या त्या काचेविषयी. गाडीच्या शिट्टीत आवाज बुडाल्यामुळे म्हातारीने आपले नाव भोजनाच्या डब्यातील काचेवर बोटाने लिहिलेले असते. आयरिसला ते अवचित दिसते. म्हातारीच्या शोधात तिला साथ देणाऱ्या गिल्बर्ट नावाच्या तरुणाला ती ते दाखवू पाहते, तोच गाडी बोगद्यात शिरते आणि बाहेर येते तो काच कोरी. गिल्बर्टला पुरावा मिळतो तो नंतर: स्वयंपाक्याने बाहेर भिरकावलेल्या केरातून म्हातारीच्या खास चहाच्या पुड्याचा कागद उडून क्षणभर त्याच्यासमोरच्या काचेला चिकटतो, आणि वाऱ्याबरोबर निघून जातो.