गढीची माती

आज आपण गढीविषयी बोलू.

आपल्या भागात कितीतरी गावांत मातीचं एक उंच टेकाड असतं. कुठे त्यावर बुरुजाचा तुकडा उभा असतो, कुठे नुसत्या बाभळी. तीच गढी. वर पाटील-देशमुखांचा वाडा असे. उंचावरून वाटा दिसत आणि धाड आली की माणसं आत शिरत. इंग्लंडातही हजारेक वर्षांपूर्वी सरदारांनी खंदक खणून निघालेल्या मातीचं टेकाड रचलं, वर लाकडी कोट बांधला. तिथेही आज बहुतेक ठिकाणी गवताळ टेकाडंच उरली आहेत.

शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी, असं आपण म्हणतोच. पिढ्यान् पिढ्यांच्या भिंती, चुलींची राख, फुटकी मडकी मिळून ही पांढरी माती झाली. सारवायला, धाब्यावर टाकायला आपण ती गढीवरूनच आणत आलो. पूर्वी टोपलीने नेत होतो, आता ट्रॅक्टरने जाते.

त्या मातीत काय असतं? रामटेकजवळच्या नगरधनचं बघा. तिथे राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. त्यात मातीचा एक शिक्का सापडला. वजन सात ग्रॅमसुद्धा नाही. त्यावर शंख आणि ब्राह्मी अक्षरांत राणी प्रभावतीगुप्ताचं नाव. सुमारे १६०० वर्षांपूर्वी नवरा वारला, मुलं लहान होती, तेव्हा या बाईने वाकाटकांचं राज्य चालवलं. आपल्या ताम्रपटात तिने वंशावळ सांगितली ती माहेरची, गुप्तांची. तो ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला. नंदिवर्धन म्हणजेच आजचं नगरधन, असं अभ्यासक मानतात. एवढासा शिक्का घमेल्यात गेला असता, तर कुणाला कळलंही नसतं.

म्हणून बायांनो, तीन गोष्टी करू. गढीची माती उचलू नये, हा विषय गटाच्या बैठकीत घेऊन ग्रामसभेत मांडू. कुठेही खोदताना नाणं, मूर्ती, मणी, अक्षरं असलेलं काही दिसलं, तर काम थांबवू. वस्तू धुवायची नाही, घासायची नाही. ती कुठे, किती खोल सापडली, हे अभ्यासकांना वस्तूइतकंच मोलाचं असतं. आणि लगेच तलाठी किंवा तहसीलदारांना सांगू. जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. तसा १८७८ सालापासून कायदा आहे.

सारवायला माती दुसरीकडेही मिळेल. गढी एकदा सपाट झाली, की पुन्हा रचता येत नाही.