हाका आणि हाक

जुन्या शिकारीत रानात हाका करीत. डबे बडवीत हाकारे पुढे सरकत. शत्रूचा आवाज ओळखून सांबर पळे. आता पाडसाचा टाहो किंवा नराची साद यंत्रात भरून झाडीत वाजवतात. अमेरिकेतील कित्येक राज्यांनी हरणाच्या शिकारीत असले यंत्र मना केले आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तर मारणेच नव्हे, आमिषाने भुलवण्याचा प्रयत्नही शिकारच ठरतो.

दासगावच्या डोंगरांत भेकर अजून भुंकते. कामगार चळवळीत मी एक शिकलो: मालकाच्या लाठीपेक्षा, आपल्याच भाषेत गोड बोलणारा दलाल अधिक घातक. भीतीपासून पळता येते. मायेच्या खोट्या हाकेपासून कोण पळेल? असले यंत्र रानात दिसले, तर गप्प बसू नका, वनखात्याला कळवा.