काळ्या दगडावरची रेघ नव्हे



बक्षीसपात्र विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन! मी इतिहासाचा शिक्षक. आज तुम्हाला माझ्या आवडत्या इतिहासकाराबद्दल सांगतो.

पीटर ब्राउन यांचा जन्म 1935 साली डब्लिनचा. रोमन साम्राज्याची अखेरची शतकं म्हणजे नुसती पडझड, अशी समजूत रूढ होती. त्याच काळात ख्रिस्ती धर्म रुजत होता, नवं जग आकाराला येत होतं, हे ब्राउन यांनी दाखवून दिलं. 1967 मध्ये त्यांनी त्याच काळातल्या संत ऑगस्टिन यांचं चरित्र लिहिलं. ऑगस्टिन हिप्पोचे, म्हणजे आजच्या अल्जेरियातल्या अन्नाबाचे बिशप. पुस्तक जगभर नावाजलं गेलं. त्यातले उतारवयातले ऑगस्टिन मात्र कठोर, हुकमत गाजवणारे वाटतात.

पुढे 1981 मध्ये ऑगस्टिन यांची तोवर अज्ञात असलेली पत्रं छापून आली. 1990 मध्ये जर्मनीतल्या माइन्झच्या ग्रंथालयात त्यांची प्रवचनं सापडली.

त्या पत्रांतलं एक ऐका. गुलामांचे व्यापारी आफ्रिकेतली माणसं पळवून हिप्पोच्या बंदरातून परदेशी नेत होते. चर्चच्या लोकांनी सुमारे 120 जणांना सोडवलं. काहींना तर थेट जहाजातून. सुटलेल्या एका मुलीला ऑगस्टिन विचारतात, तू विकली कशी गेलीस? ती सांगते, आईवडील आणि भाऊ घरात असतानाच मला उचलून नेलं. तिला न्यायला आलेला भाऊ पुढचं सांगतो, कारण ती लहान आहे. हुकमत गाजवणारा धर्माधिकारी इथे एका पोरीचं म्हणणं ऐकून ते पत्रात नोंदवतो आहे.

ब्राउन यांनी काय केलं? 2000 साली, पासष्टीच्या घरात असताना, त्यांनी चरित्राची नवी आवृत्ती काढली. जुना मजकूर तसाच ठेवला आणि शेवटी दोन नवी प्रकरणं जोडली. वृद्ध ऑगस्टिनला आपण वाजवीपेक्षा कठोर रंगवलं, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केलं. ज्या पुस्तकाने नाव मिळवून दिलं, त्याच पुस्तकात.

मित्रांनो, मतं जरूर ठामपणे मांडा. पण आपलं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. नवा पुरावा समोर आला की पुन्हा वाचायला बसा. त्या मुलीचे शब्द दीड हजार वर्षं हस्तलिखितात पडून होते. असे किती आवाज अजून कुठल्या कुठल्या दप्तरांत वाट पाहत असतील! ते वाचायला तुमच्यापैकी कुणीतरी पुढे यावं, एवढंच मागणं मागून थांबतो.