मुलचेऱ्यातले बंगाली
गडचिरोलीच्या मुलचेरा तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर या गावांत आजही घरोघरी बंगाली बोलली जाते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना 1960च्या दशकात सरकारनं इथं, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, जमिनी देऊन वसवलं.

माणसं नद्यांच्या मुलखातली. भातशेती ओळखीची होती. अनोळखी होतं ते सागाचं रान, हिवताप आणि कचेरीतली मराठी. मोहरीच्या तेलातला मासा मात्र सुटला नाही, दुर्गापूजेचा ढाक नावाचा ढोलही थांबला नाही.

खरं दुखणं जातीच्या दाखल्याचं. यांतले बरेचजण नमःशूद्र जातीचे. पश्चिम बंगालात ते अनुसूचित जातीत मोडतात, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. त्यामुळे इथंच जन्मलेली, अस्खलित मराठी बोलणारी नातवंडंही अनुसूचित जातीच्या सवलतींपासून दूरच आहेत. या दाखल्याची मागणी जुनीच, निवडणूक आली, की आश्वासनं तेवढी नवी मिळतात.