भाकरीचा तवा आणि हप्त्याचा तवा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)



आज बँक जोडणीवर बोलायचं ठरलं होतं, पण आधी तव्यावर बोलते. हसू नका. गेल्या दोन महिन्यांत तीन गटांच्या वहीत अंतर्गत कर्जाचं कारण 'भांडी' असं लिहिलेलं दिसलं. चौकशी केली तर कळलं, गावात विक्रेता येऊन गेला. वर स्टीलची जाळीदार नक्षी, मधल्या खाचांत काळं नॉनस्टिक, किंमत बावीसशे रुपये, हप्त्यानं मिळेल, आणि "जन्मभर चिकटणार नाही."

एका मावशींनी तो कडक भाकरीच्या ऑर्डरसाठी घेतला. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "पोरी, ह्या तव्यावर भाकर हुईना बघ. आन् वासबी मारतोय."

मावशींचा हात चुकला नव्हता. आपली भाकरी तेलाशिवाय, कोरड्या तापलेल्या तव्यावर होते. कडक भाकरी तर आणखी वेळ तव्यावर ठेवून वाळवायची असते. नॉनस्टिकला नेमकं हेच सोसत नाही. त्या काळ्या लेपाला बहुतेक भांड्यांत पीटीएफई म्हणतात. साधारण २६० अंशांच्या पुढे तो खराब व्हायला लागतो आणि आणखी तापला तर धूर सोडतो. मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर पोचतो. चुलीच्या जाळाचं तर सांगायलाच नको, तिथं आच कमी करायला बटण कुठं आहे?

मग जाळी कशासाठी? उलथणं वर आलेल्या स्टीलवर घासतं आणि खाचांतला लेप वाचतो, म्हणून साध्या नॉनस्टिकपेक्षा हा तवा जास्त टिकू शकतो. ही खरी सोय आहे. दोन स्टीलच्या मध्ये ॲल्युमिनियमचा, म्हणजे आपल्या जर्मनचा थर असेल तर आचही सगळीकडे सारखी लागते. नुसत्या पातळ स्टीलमध्ये मधोमध करपतं, ते तुम्हाला माहीतच आहे. पण वरचं स्टील ते स्टीलच. तेलाचं बोट फिरवलं नाही तर चिकटणारच. गॅसवर मध्यम आचेवर धिरडी, आमलेट, डोसे करायचे असतील तर तवा चांगला आहे. भाकरीसाठी नाही.

विक्रेते 'पीएफओए-मुक्त' हा शब्द फार मिरवतात. पीएफओए हे लेप बनवताना पूर्वी वापरायचे ते रसायन. २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. ते नाही म्हणजे लेपच नाही, असं समजू नका. तापवायचा नियम तोच राहतो.

आता आपला लोखंडी किंवा बीडाचा तवा. जड आहे, ओला ठेवला की गंजतो, नवा असताना चिकटतो. तेल लावून दोन-चार वेळा तापवला की रुळतो. रिकामा तापला तरी त्याला काही होत नाही, तारेच्या घासणीनं जाणारा लेपच त्याला नाही. फक्त बीडाचा असेल तर तापल्यावर गार पाणी ओतू नका, तडकतो. चिंचेची आमटी लोखंडी कढईत करून तशीच ठेवू नका, काळी पडते. तेव्हा अन्नात थोडं लोह उतरलेलं असतं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, म्हणून कोणी म्हणतं लोखंडी तव्यावरची भाकरी खा. खा, पण लोह उतरतं ते ओल्या, आंबट पदार्थात जास्त. कोरड्या भाकरीत अगदी थोडं. आशाताईंनी दिलेल्या गोळ्या त्यामुळे बंद करायच्या नाहीत, बरं का.

आणि कर्जाचं. त्या मावशींच्या गटात व्याज महिन्याला शेकडा दोन आहे. बावीसशे रुपयांवर पहिल्याच महिन्याचे चव्वेचाळीस झाले. ऑर्डर मात्र जुन्या तव्यावरच पुरी झाली, मंगळवेढ्याची ज्वारी आणि सासूबाईंचा तवा. माझ्या मते कडक भाकरीच्या गटाला कर्ज काढायचंच असेल तर दुसरा मोठा लोखंडी तवा घ्यावा, म्हणजे दोन चुलींवर काम चालेल.

ज्यांनी हा तवा घेतलाय त्यांनी तो फेकू नका. पुढच्या बैठकीला पावती, खोका आणि आतला कागद घेऊन या. किती आचेवर वापरायचा ते त्यावर लिहिलंय का, बदली कशावर मिळते, हे आपण मिळून वाचू. आणि सचिव ताई, वहीत नुसतं 'भांडी' नका लिहू, कोणतं भांडं आणि कशासाठी, तेवढं लिहा.

चला, आता बँकेची फाईल काढा.