मुक्या म्हटल्या गेलेल्या जीवाची वाचा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कोंबडीसारखा विषय व्याख्यानासाठी निवडला जावा, याचे काहींना नवल वाटले असेल. श्रावकाच्या घरात कोंबडीचे नाव येते ते बहुधा त्यागाच्या यादीत. अंडे वर्ज्य, मांस वर्ज्य. आणि त्यासोबत तो पक्षीही नजरेआड झाला. उकिरडा उकरणारा जीव म्हणून त्याच्याविषयी थोडी किळसही मनात राहिली. जे खायचे नाही त्याच्याकडे पाहायचे तरी कशाला, अशी ही सवय आहे. परंतु न मारणे ही अहिंसेची पहिली पायरी झाली. ज्याला मारायचे नाही तो कोण आहे, हे जाणणे ही तिची पुढची पायरी होय.

जीवदयेच्या प्रत्येक आवाहनात 'मुके प्राणी' हे शब्द हमखास असतात. त्यांमागे कणव आहे, यात शंका नाही. मात्र जैन तत्त्वविचाराने जे दहा प्राण सांगितले, त्यांत वचनबल हा एक प्राण आहे. एकेंद्रिय जीवांना तो नाही. द्वींद्रियांपासून पुढे सर्वांना आहे. पक्षी तर गर्भज संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच, म्हणजे मनबलासह दहाही प्राणांचे धनी. शास्त्राने ज्याला वाचा दिली, त्याला व्यवहाराने मुके ठरवले. शास्त्र आणि व्यवहार यांत खरे कोण, याची परीक्षा कोणत्याही खेड्यातील परसात करता येते.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत आठ-दहा कोंबड्या आणि एक कोंबडा असा कळप सहज दृष्टीस पडतो. या पक्ष्याचे मूळ पूर्वज म्हणजे दक्षिण व आग्नेय आशियातील तांबडे रानकोंबडे. सह्याद्रीच्या जंगलातील करड्या रानकोंबड्याशीही त्याचे नाते आहे. अनेक पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग या करड्या नातेवाइकाकडून आला, असे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. रानातील पूर्वज लहान लहान गटांनी राहत. हजारो वर्षे माणसाळूनही त्या सहजीवनाची रीत परसातील कोंबडीने सोडलेली नाही.

सकाळी खुराडे उघडून दाणे टाकले की वरवर पाहणाऱ्याला केवळ झुंबड दिसते. काही दिवस लक्षपूर्वक पाहिले की तिच्यातील शिस्त कळू लागते. एक कोंबडी पुढे येते, दुसरी आपणहून बाजूला होते. तीच दुसरी तिसरीला हटवते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉरलीफ श्येल्डेरुप-एबे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा छंद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते याच्या बारकाईने नोंदी करून त्यांनी १९२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कळपात टोचण्याची एक उतरंड असते, हा त्यांचा शोध. ही उतरंड दरवेळी सरळ नसते, हेही त्यांनी नोंदवले. पहिली दुसरीवर भारी, दुसरी तिसरीवर, आणि तिसरी मात्र पहिलीवर, असे त्रिकोणही त्यांना आढळले.

या उतरंडीकडे निव्वळ दांडगाई म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. दोन अनोळखी कोंबड्या समोरासमोर आल्या की एकदा निकाल लागतो. त्यानंतर नुसती मान उंचावली तरी पुरते. समोरची मान खाली घालून दूर होते. प्रत्येक कोंबडी आपल्या सोबतिणींना चेहऱ्यावरून, विशेषतः तुऱ्यावरून ओळखते आणि कोणाशी आपला व्यवहार काय ठरला आहे, याची खातेवही जणू मनात ठेवते. रोजचे भांडण टळावे म्हणून ही व्यवस्था आहे. ती चालते एका अटीवर: हरणारीला बाजूला सरकायला जागा असली पाहिजे. ही अट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता वाचेविषयी. आकाशात घार किंवा ससाणा दिसला की कोंबडा एक बारीक, लांबट आवाज काढतो. त्यासरशी कोंबड्या जमिनीशी दबून बसतात आणि तिरप्या नजरेने वर पाहतात. मुंगूस किंवा कुत्रे जमिनीवरून आले तर आवाज निराळा, तुटक कलकलाटाचा. तो ऐकताच कोंबड्या माना ताठ करून चहूकडे पाहू लागतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रिस्टोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर या शास्त्रज्ञांनी हे आवाज ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना ऐकवले. शत्रू कोठेही नव्हता, तरीही त्या आवाजानुसार योग्य तीच कृती त्यांनी केली. म्हणजे तो आवाज केवळ भीतीची किंकाळी नव्हे. संकट वरून आले की खालून, याची बातमी त्यात असते. त्याआधी १९८८ सालच्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. जवळ सोबत असेल तर कोंबडा ससाण्याचा इशारा अधिक वेळा देतो. एकटा असेल तर बहुधा गप्प राहतो. ज्याला ऐकणाऱ्याची जाण आहे, त्याच्या आवाजाला बोलणे म्हणू नये तर काय म्हणावे?

चांगला दाणा किंवा किडा सापडला की कोंबडा तो चोचीत उचलतो, खाली टाकतो आणि जलद कुक्-कुक् करीत कोंबड्यांना बोलावतो. पुष्कळदा स्वतः न खाता तो घास त्यांना देतो. कधी कधी खाण्याजोगे काही नसतानाही तो तसेच बोलावतो, हेही संशोधकांना आढळले आहे. खरे बोलणे आणि खोटे बोलणे हे दोन्ही वाचा असणाऱ्यालाच शक्य आहे.

मराठीत म्हण आहे की कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली या म्हणीची दुसरी बाजू दाखवली. सतत मंद प्रकाशात ठेवलेले, पहाट न दिसणारे कोंबडेही आपल्या वेळेला आरवत राहिले; त्यांचे घड्याळ शरीरातच असते. २०१५ साली याच अभ्यासाचा पुढील भाग आला. कोंबडे एकत्र असले तर उतरंडीत सर्वांत वरचा प्रथम आरवतो आणि बाकीचे आपापल्या क्रमाने. वरच्याला दूर केले की पहिल्या आरवण्याचा मान दुसऱ्याकडे जातो.

परंतु या पक्ष्याचे अंतरंग खरे उलगडते ते खुडूक कोंबडीत. २१ दिवस ती अंड्यांवर बसते, दाण्यापाण्यापुरती उठते, अंडी चोचीने फिरवत राहते. शेवटच्या एक-दोन दिवसांत अंड्यातील पिलू आतून चिवचिवू लागते आणि आई बाहेरून त्याला उत्तर देते. मायलेकरांचे बोलणे जन्माआधीच सुरू झालेले असते. १९९६ सालच्या एका प्रयोगात आईला एका रंगाचे दाणे बेचव असल्याचे माहीत होते. पिले तेच दाणे टिपत आहेत असे दिसताच ती आपल्या बाजूच्या चांगल्या दाण्यांकडे अधिक टोचून, अधिक उकरून त्यांना खुणावू लागली. २०११ साली ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधनात पिलांवर हवेचा हलका झोत सोडला गेला. त्यांना इजा झाली नाही, केवळ ती दचकली. ते पाहताना आईच्या हृदयाचे ठोके वाढले, ती सावध झाली, पिसे साफ करणे सोडून पिलांना हाका मारू लागली. दुसऱ्याच्या त्रासाने आपल्या काळजात हलणे, अनुकंपेचे बीज ते हेच.

आता मघाची अट आठवावी. व्यापारी अंडीकेंद्रांतील तारेच्या पिंजऱ्यात अनेक कोंबड्या एकत्र कोंडलेल्या असतात. तेथे उतरंड आहे, पण बाजूला सरकायला जागा नाही. आडोसा नाही, रात्री उंच बसण्यासाठी दांडी नाही, पिसे स्वच्छ ठेवणारे धूळस्नान नाही. बाहेर जी व्यवस्था शांतता राखते, तीच येथे छळ होते. एकमेकींना जखमी करू नये म्हणून मग चोचींची टोके कापली जातात. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेच क्रूरता ठरवली आहे. भारताच्या विधी आयोगाने २०१७ साली आपला २६९ वा अहवाल अंडी व मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या स्थितीवरच दिला. श्रावक अंडे खात नाही म्हणून हा प्रश्न त्याचा नव्हे, असे म्हणता येईल काय?

यशोधर राजाची कथा समाजातील ज्येष्ठांना ज्ञात आहे. सोमदेवसूरींनी ती दहाव्या शतकात 'यशस्तिलकचंपू'त सविस्तर सांगितली. राजाने मातेच्या आग्रहाखातर जिवंत नव्हे, तर पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. तरी संकल्पातील हिंसेमुळे दोघांना अनेक तिर्यंच जन्म भोगावे लागले. त्यांतील शेवटच्या जन्मी ते कोंबडे झाले. मुनींच्या उपदेशाने त्यांना पूर्वजन्मांचे स्मरण झाले, आनंदाने ते आरवले, आणि तो आवाज ऐकून राजाने शब्दवेधी बाण सोडला. आवाजामागे एक जागा झालेला जीव होता. राजाला मात्र त्यात केवळ नेम दिसला. कानांवर पडणे आणि ऐकणे यांतले अंतर या कथेइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखवले असेल.

सुवर्णमहोत्सवी वर्षात अनेक संकल्प होतात. त्यांत एक साधा, बिनखर्चाचा संकल्प जोडता येईल. गावी गेलेल्या मुलाबाळांना परसातील कोंबड्यांपाशी तासभर बसवावे. कोण पुढे येते, कोण वाट देते, कोण कोणाला हाक मारते, एवढेच त्यांना पाहू द्यावे. पुढच्या आवाहनपत्रिकेत 'मुके' हा शब्द लिहिताना एखादे मूल अडखळले, तर पन्नास वर्षांच्या जीवदयेच्या कार्याला त्याहून सुंदर जोड कोणती असेल!