खिशातील दवंडी

(धर्मग्रामाच्या महोत्सवाप्रीत्यर्थ भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या मंगलप्रसंगी जुन्या आठवणी सांगाव्यात, असा रिवाज आहे. तो मी आज थोडासा मोडणार आहे. आपल्या घरोघरी सांप्रत एकच वाद कानी येतो. वडील मंडळी म्हणतात, ह्या मोबाइलने घर बुडविले. तरुण म्हणतात, त्यावाचून पाऊल टाकता येत नाही. दोन्ही पक्ष माझ्याकडे न्याय मागावयास येतात. तो न्याय देण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे भाषणाच्या ओघात आपणांस कळून येईलच.

प्रथम यंत्राविषयी दोन शब्द. हा जुन्नर-आंबेगावचा मुलूख दूरवर निरोप पोहोचविण्याच्या विद्येस परका नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी आपल्या यज्ञांची व दानांची हकीकत ब्राह्मी लिपीत कोरून ठेविली. नारायणगावाजवळ आर्वी येथे 1971 साली उपग्रहाच्या द्वारे परदेशांशी संपर्क साधणारे भारतातील पहिले केंद्र सुरू झाले. खोडद व त्याच्या आसपास तर प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. ख्रिस्तसभेनेही नव्या साधनांकडे पाठ फिरविली नाही. 1931 साली खुद्द मार्कोनीने व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र उभारून दिले, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

आणि यंत्राच्या अभावाचे दुःख आंबेगाव तालुक्याइतके कोणी जाणावे? 30 जुलै 2014 रोजी सकाळी डोंगर खचून माळीण गाव गाडले गेले आणि 151 माणसे दगावली. ही वार्ता बाहेर कशी आली? त्या वाटेने एस. टी. घेऊन गेलेल्या चालकास नेहमीचे गाव जागेवर दिसेना, त्याने ती आणिली. एका सावध माणसाच्या डोळ्यांवर सारी मदत अवलंबून राहिली. म्हणून डोंगरातील वाडीवर मोबाइलची घंटी वाजते, तेव्हा तिला शाप म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. टोमॅटोचा भाव नारायणगावच्या बाजारात काय निघाला, हे शेतकऱ्यास बांधावर कळते, त्यातही वाईट काय आहे?

मग वाईट ते काय? ते सांगण्यासाठी मला स्वतःचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

2018 सालच्या जून महिन्यात माझ्या मोबाइलवर एक निरोप आला. मुले पळविणारी टोळी जिल्ह्यात उतरली आहे, अनोळखी माणूस दिसल्यास सावध असावे, असा त्यातील मजकूर. पाठविणारा माझ्या परिचयाचा, सज्जन गृहस्थ. मी तो निरोप खाली “काळजी घ्यावी” एवढे दोन शब्द जोडून आपल्या मंडळींच्या गटावर पाठविला आणि झोपी गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी गलका ऐकू आला. सायकलवर चादरींचे गाठोडे घेऊन फिरणाऱ्या एका परप्रांतीय विक्रेत्यास दहाबारा तरुणांनी अडविले होते. गाठोडे रस्त्यावर सोडले होते. आत मूल आहे की काय, हे पाहावयाचे होते. एकाने त्याची गचांडी धरली होती. मी धावत जाऊन मध्ये पडलो व विचारले, “हे काय चालविले आहे?” तेव्हा आपल्याच एका मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. “फादर, तुम्हीच तर पाठविलेत.”

त्या माणसास मी व्हरांड्यात बसविले. चहा दिला, कप हातात थरथरत राहिला, त्याने तो प्यायला नाही. माझे काय चुकले, एवढेच त्याने विचारले. मी उत्तर दिले नाही. त्याने चादरी पुन्हा बांधल्या आणि तो निघून गेला. त्यानंतर मी काय केले? माझ्या मोबाइलवरून तो निरोप गुपचूप काढून टाकिला. तो खोटा होता, चूक माझी होती, हे मात्र लिहिले नाही. धर्मगुरूची लाज वाचविणे मला अधिक महत्त्वाचे वाटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षेसाठी हिंडणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. त्यांतील बहुतेक मंगळवेढे तालुक्याचे. मुले पळविणारे म्हणून जमावाने त्यांस पकडिले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडिले आणि ठार मारिले. मारणाऱ्यांजवळ पुरावा होता तो असल्याच निरोपांचा. ती बातमी वाचताना मला राईनपाडा दिसले नाही, आपले फाटक दिसले.

त्या काळी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांस जागे करण्यासाठी ती तयार केलेली. मोटारसायकलवरून उचललेले मूल अखेरीस परत आणून देतात व बोधाचा फलक दाखवितात. कोणीतरी ती अखेर कापली आणि उपदेशाची विषवल्ली झाली. व्हॉट्सॲपने त्याच जुलैमध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास बंदी केली. एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेल्या निरोपांस एकाच ठिकाणची मर्यादा घातली. ह्या मर्यादा चांगल्याच. तथापि, त्याच एप्रिलच्या 16 तारखेस पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू व त्यांचा वाहनचालक जमावाकडून मारले गेले. यंत्रास लगाम घातला, तरी मनास कोण घालणार?

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. पिटणारा माणूस सर्वांच्या ओळखीचा असे. कोणाच्या हुकमाने पिटतो, हे तो सांगे. खोटी ठरली तर त्यास चावडीवर जाब द्यावा लागे. आज ती दवंडी प्रत्येकाच्या खिशात आली आहे, जाब मात्र कोणाच्याच गळ्यात नाही. “मी लिहिले नाही, केवळ पुढे पाठविले,” असे आपण म्हणतो. मीही मनाशी तेच म्हणालो होतो. पण त्या तरुणांनी मूळ लेखकावर विश्वास ठेविला नव्हता, माझ्यावर ठेविला होता. खोट्या साक्षीविषयीची आठवी आज्ञा पुढे पाठविणाऱ्यास सवलत देत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी त्याच वर्षी जानेवारीत खोट्या बातम्यांविषयी खास संदेश प्रसृत केला होता. मी तो वाचला होता. वाचणे निराळे, वागणे निराळे.

खोडदच्या शास्त्रज्ञांपासून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. आकाशातून येणारा संदेश अत्यंत क्षीण असतो. त्यात विजेच्या तारांचा, मोबाइलचा गोंगाट मिसळतो. म्हणून आलेला प्रत्येक संकेत खरोखर आकाशातील आहे की शेजारच्या यंत्रातील, हे ते आधी पारखतात. आपणही तेवढेच करावे. अंगावर काटा आणणारा निरोप आला, की तो एक रात्र स्वतःपाशी ठेवावा. मुलाविषयी खरीच शंका असेल, तर गटास न कळविता पोलीस पाटलास कळवावे, अथवा 112 किंवा 1098 ह्या क्रमांकावर सांगावे. आणि चूक झालीच, तर जेथे खोटे पसरविले तेथेच, आपल्या नावानिशी, ते खोटे होते असे लिहावे. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. पण तिच्यावाचून पश्चात्ताप अपुरा आहे.

वडीलधाऱ्यांनो, केवळ मुलांस दोष देऊ नका. तो निरोप पाठविणारा मी पन्नाशीच्या घरात होतो. तरुणांनो, तुमच्यापैकी एकाने त्या दिवशी “फादर, हे खरे आहे का?” असे आधी विचारले असते, तर मी तुमचा ऋणी झालो असतो. ह्यापुढे अवश्य विचारीत जा.

तो चादरीवाला पुन्हा ह्या वाटेने आला नाही. त्याची क्षमा मागण्याची संधी मजपाशी राहिली नाही. म्हणून ती आज आपणां सर्वांसमोर मागतो. महोत्सवाच्या ह्या वर्षी आपल्या फाटकाशी येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसास प्रथम पाणी मिळो, प्रश्न मागाहून विचारले जावोत, एवढीच परमेश्वरचरणी प्रार्थना.